वितंडवादी कोणाला म्हणता?

प्रश्न असा आहे: सिनेमावर किंवा मालिकेवर ऑनलाइन चर्चा चालू असताना कोणी उणं काढलं रे काढलं, की चाहते लगेच सुनावतात, 'उगाच वितंडवाद घालू नका.' तर वितंडवाद म्हणजे नेमकं काय, आणि शब्द वितंडवाद की वितंडावाद?

दुसरं आधी उरकतो. मूळ शब्द वितंडा, पण मराठीत वितंडवाद रुळला आहे, तोच लिहा. निरर्थक, हेकट भांडण हा त्याचा चालू अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. माझी चिडचिड होते ती वेगळ्या कारणाने. हे बिरुद ज्याला चिकटवतात तो त्या चर्चेतला बहुधा सर्वांत शहाणा माणूस असतो, आणि चिकटवणाऱ्यासाठी आपल्याकडे दुसरा, जास्त नेमका शब्द तयार आहे. त्याच्याकडे येतोच.

न्यायशास्त्रात (कोर्टकचेरीचं नव्हे, आपलं प्राचीन तर्कशास्त्र) दोन पक्षांमधल्या चर्चेला 'कथा' म्हणतात. (म्हणजे सिनेमाच्या कथेवरून जुंपलेली हुज्जत हीदेखील कथाच!) गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे या शास्त्राच्या मूळ ग्रंथात, तिचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी प्रमाणं देत बोलणं हा वाद. जिंकण्यासाठी बोलणं, मग त्यात शब्दच्छलही चालतो, तो जल्प. आणि समोरच्याचं मत खोडायचं, पण स्वतःचं काहीच मांडायचं नाही, ती वितंडा. सूत्रातला शब्द आहे 'प्रतिपक्षस्थापनाहीन', म्हणजे उलट बाजूने स्वतःचा पक्ष न मांडणारी. सूत्रकार तिला जल्पाच्याच पंगतीला बसवतात, हे मान्य. पण तिचं स्वतःचं लक्षण एवढंच. त्यात हेकटपणा कुठे आला?

आता चाहत्यांचं ठेवणीतलं वाक्य घ्या: 'एवढं कळतं तर तुम्हीच काढून दाखवा ना सिनेमा!' हा माणूस टीकाकाराकडे प्रतिपक्षस्थापना मागतोय. ती द्यायला टीकाकार बांधलेला नाही. दुसऱ्या अंकानंतर नायिकेचं वागणं पटत नाही असं म्हणणाऱ्याने पर्यायी पटकथा खिशात घेऊन फिरायचं की काय?

वितंडा किती उपयोगी असते ते पाहायचं तर 'पहिला भारतीय चित्रपट कोणता' हा कधीच न मिटणारा वाद घ्या. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी, त्याच थिएटरात. तोरणे पक्ष तारीख दाखवतो. फाळके पक्ष म्हणतो, ते तर नाटकाचं चित्रण, शिवाय कॅमेरा चालवणारा परदेशी. आणि हळूच 'पहिला चित्रपट' याचं 'पहिला पूर्ण लांबीचा कथापट' होतं. दावा अडचणीत आला की त्याला विशेषण जोडायचं, याला न्यायसूत्रांत प्रतिज्ञान्तर म्हणतात आणि तिथे तुम्ही हरलात असं धरतात. मग तिसरा उठतो: परदेशी कॅमेरामन चालत नाही, तर फाळक्यांनी लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा कसा चालतो? आणि नाटकाचं चित्रण चालतं, तर सावेदादांनी (हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी) १८९९ मध्ये कॅमेऱ्याने टिपलेल्या कुस्तीने काय घोडं मारलंय? त्याला विचारा, तुझ्या मते पहिला कोणता? तो म्हणणार, माझं काहीच म्हणणं नाही, तुमच्या व्याख्या गळक्या आहेत एवढंच सांगतोय. दोन्ही पक्ष एका सुरात ओरडतात: वितंडवादी! बरोबर. आहेच तो. आणि त्या अख्ख्या चर्चेत 'चित्रपट' शब्दाची व्याख्या तपासून बघणारा तो एकटाच आहे.

वात्स्यायनाला (कामसूत्रवाला नव्हे, न्यायभाष्यकार) हे मान्य नव्हतं. वैतंडिकाला, म्हणजे वितंडा करणाऱ्याला, हेतू विचारा, म्हणतो. सांगितला तर त्याने पक्ष घेतलाच, नाही सांगितला तर तो ना लौकिक, ना परीक्षक, म्हणजे ना साधा व्यवहारी माणूस, ना पारखून बघणारा जाणकार. भाष्यकाराविषयी आदर आहे, पण ही सरळ सरळ कोंडी आहे, युक्तिवाद नव्हे. 'तुमचं म्हणणं अजून सिद्ध झालेलं नाही' हे दाखवणं हा पुरेसा हेतू आहे. बाराव्या शतकात श्रीहर्ष या वेदान्ती पंडिताने याच पद्धतीने नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांच्या, व्याख्या एकेक करून उसवल्या आणि ग्रंथाला नाव दिलं खंडनखंडखाद्य, म्हणजे खंडनाची खांडसाखरेची मिठाई. आता याला निरर्थक भांडण म्हणा! खुद्द न्यायसूत्रांतच म्हटलं आहे की कोवळे अंकुर राखायला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे जल्प आणि वितंडा हे तत्त्वनिश्चय राखायला असतात. आपण मराठीत कुंपण विसरलो आणि काटे तेवढे लक्षात ठेवले.

व्युत्पत्ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. वितंडा हा 'तण्ड्' म्हणजे मारणे, आघात करणे या धातूपासून. माझं ठाम मत आहे की भांडत बसणे या अर्थाचं आपलं 'तंडणे' हे याच घरातलं. शाळेतल्या बाई 'काय तंडताय रे?' म्हणायच्या तेव्हा नकळत न्यायदर्शन बोलत होत्या. काही जण उत्साहाच्या भरात तांडवही याच धातूला नेऊन बांधतात. कृपा करा. नाट्यशास्त्राची परंपरा ते तंडू नावाच्या शिवगणावरून सांगते, तेवढ्यावर थांबा.

आता तो राहिलेला शब्द. न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थानं, म्हणजे हरण्याच्या जागा आहेत, आणि चाहत्यांची कुठलीही रात्रभर चाललेली लढाई घ्या, निम्मी तिथे सापडतात. 'आमच्या हिरोचा पडला, मान्य, पण तुमच्याचे तर लागोपाठ तीन पडले' ही मतानुज्ञा: आपला दोष कबूल करून तोच समोरच्याच्या माथी मारणं. 'ऑफिसला निघतोय, नंतर बोलू' हा विक्षेप: कामाची सबब सांगून कथा तोडणं. माझा हा विशेष लाडका. हे सगळं करणारा, जिंकल्याशिवाय न झोपणारा तो जल्पक. मराठी वर्तमानपत्रं ट्रोलला जल्पक म्हणतात तेव्हा काही जाणकार नाकं मुरडतात, की जल्प म्हणजे नुसती बडबड, शब्द फार सौम्य झाला. बडबड हा अर्थ आहे, नाही कशाला म्हणू? पण न्यायातला जल्प डोळ्यांसमोर ठेवा: सत्याशी देणंघेणं नाही, छल-कपट चालेल, समोरचा गप्प झाला पाहिजे. ट्रोलची याहून चोख व्याख्या मला तरी भेटलेली नाही. तेव्हा हिरोच्या नावाने शिव्या घालत येणाऱ्याला वितंडवादी म्हणून त्याची पत वाढवू नका. जल्पक म्हणा. आणि 'मला ट्रोल केलं' म्हणण्याऐवजी 'जल्पणे' हे क्रियापद वापरात आणा: परीक्षण टाकलं आणि रात्रभर मला जल्पत होते.