अक्का राहायला आल्या, आता घराच्या विम्याचं काय?

"थोरली बहीण कायमची आमच्याकडे आलीय. उद्या काही झालं तर कंपनी म्हणेल, ही बाई तुमच्या पॉलिसीत नव्हतीच. मग?" घरात माणूस वाढलं की हा प्रश्न हमखास येतो. या वेळी विचारणारे जुळे सोलापुरातले एक शिक्षक होते. बहीण बार्शीची, वर्षापूर्वी मालक गेले. शिक्षकांच्या पत्नी शेजारी गप्प बसल्या होत्या. नणंदेला दागिन्यांबद्दल विचारायचं कसं, ही त्यांची अडचण.

माणसाचा घोर मी आधी मिटवला. घराचा विमा भिंती-छपराचा आणि सामानाचा. बहीण राहायला आली म्हणून इमारतीचा विमा मोडत नाही. मग पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे विम्यात काय काय धरलंय तो तक्ता, उघडला. गृहकर्जासोबत निघालेली भारत गृह रक्षा, आणि तीही फक्त इमारतीची! अक्कांच्या कपाटाचं सोडा, यांचा स्वतःचा फ्रीजसुद्धा विम्यात नव्हता. कर्जाबरोबरच्या पॉलिसीत हे मी नेहमी बघतो. बँकेला तिच्या तारणाची काळजी, तुमच्या फ्रीजची कशाला असेल?

ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ ला सगळ्या कंपन्यांसाठी सारख्याच अटींवर आली. इमारत आणि सामान दोन्ही घेतलं, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंतचं घरगुती सामान यादी न देता धरलं जातं. दागिने त्यात येत नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर सराफाचं मूल्यांकन लागत नाही. पण आजच्या भावात पाटल्या त्या हद्दीत बसतात कुठे? शिवाय चोरीची भरपाई आग, पूर अशा घटनेमुळे आणि तिच्यानंतर ७ दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच. नुसत्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. वहिनींना म्हटलं, "किती तोळे ते विचारूच नका. बँकेत लॉकर घ्यायचा का, एवढंच विचारा."

निघता निघता शिक्षक सहज बोलून गेले, "अक्कांनी शिलाई मशीन आणलंय, गणवेशाचं काम घेतात." मी त्यांना परत बसवलं. सोलापुरात गणवेशाची शिलाई घरोघरी चालते, त्यामुळे त्यात कुणाला धंदा दिसत नाही. विमा कंपनीला दिसतो. हॉलमध्ये पॅन्टच्या कापडाचे गठ्ठे, त्यांच्या शेजारीच इस्त्री, म्हणजे आगीचा धोका वाढला. घराचा वापर बदलला, खोली वाढवली किंवा घर भाड्याने दिलं, तर कंपनीला लेखी कळवावं आणि उत्तरही लेखीच घ्यावं. एजंटचं "चालतंय की ओ" दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

पुढच्या खेपेला अक्का स्वतः आल्या. त्यांचं कपाट, टीव्ही, पलंग भावाच्या पॉलिसीत धरतील का, हे कंपनीला विचारून घ्यायचं ठरलं. नाहीतर नुसत्या सामानाची पॉलिसी त्यांच्या नावानेही निघते. धंद्याचं मशीन आणि माल मात्र घरगुती सामानात बसवू नयेत, त्यांचा विमा वेगळा. कापड कुणाचं, असं मी विचारलं.

"कारखानदाराचं."

"जळालं तर कुणी भरायचं, काही ठरलंय?"

"तसं कोण ठरवतंय ओ?" म्हणत अक्कांनी तिथूनच त्याला फोन लावला.