एक्स-रे नॉर्मल, तरी नडगी दुखते

"एक्स-रे नॉर्मल आलाय. म्हणजे हे दुखणं माझ्या मनाचंच आहे का?" २९ वर्षांची एक धावपटू समुपदेशनाला आली ती हा प्रश्न घेऊन. पहिली मॅरेथॉन सहा आठवड्यांवर होती आणि सोबत धावणारे सांगत होते, नडगी सगळ्यांचीच दुखते, चालू ठेव.

तिला एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगितलं. घोट्याच्या वर वीतभर, नडगीच्या आतल्या कडेला बोट गेलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा तिथेच. नडगीचं नेहमीचं दुखणं असं बोटावर सापडत नाही. ते कडेने चार-पाच बोटं तरी पसरलेलं असतं आणि सुरुवातीला अंग गरम झालं की कमी होतं. हाड टिचू लागलं की दुखणं एका ठिपक्यावर बसतं आणि धावताना वाढतच जातं. हिला ते आधी आठव्या किलोमीटरला जाणवायचं, मग तिसऱ्या, आता जिना उतरतानाही. रात्रीही ठणकत होतं.

स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला पडलेला बारीक तडा, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. भरून येणारं नवं हाड तयार झाल्यावर खूण उमटते. एमआरआयमध्ये मात्र हाडातली सूज आधीच कळते. तिला पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, एमआरआय झाला आणि बारीक तडा सापडला. ती रडली, पण त्या रडण्यात सुटकाही होती. आपण दुखण्याचं सोंग करत नव्हतो, हे तिला कळलं.

पाच आठवड्यांत तिने आठवड्याचं अंतर २५ किलोमीटरवरून ४५ वर नेलं होतं. भार वाढला की शरीर हाडातला झिजलेला भाग आधी काढून टाकतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. काढणं आठवड्यांत उरकतं, भरून पक्कं व्हायला महिने लागतात. दम आणि स्नायू त्याआधीच तयार झालेले असतात. त्यामुळे धावणं सर्वांत छान जमतंय असं वाटतं, नेमकं तेव्हाच हाड कच्चं असू शकतं.

पाळीबद्दल तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तीन महिने आली नव्हती आणि सराव चांगला चालल्याची ती खूण आहे, असं ती समजत होती. वजन उतरवायला तिने रात्रीचं जेवण अर्धं केलं होतं. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि हाडाची भरपाई मंदावते. पुरुषांमध्येही अपुऱ्या खाण्याने टेस्टोस्टेरॉन घटतं, फक्त पाळीसारखी ठळक खूण नसते. म्हणून पूर्ण जेवण, ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट हे उपचाराचेच भाग ठरले.

धावणं सहा ते आठ आठवडे पूर्ण बंद. चालताना दुखत होतं तोवर आधाराचा बूट. नंतर डॉक्टरांच्या संमतीने सायकल आणि खोल पाण्यात, तळाला पाय न टेकवता धावणं. यामुळे दम बराच टिकतो, आणि "सगळी मेहनत वाया" ही तिची भीती ओसरली ती इथेच. वेदनाशामक घेऊन धावून पाहणं मात्र सक्त मना होतं. दुखणं दबतं, तडा वाढत राहतो.

आठ आठवड्यांची मुदत सगळ्या हाडांना लागू नाही. जांघेत खोल दुखणं, नडगीच्या पुढच्या धारेवर किंवा पावलाच्या वरच्या उंचवट्यावर नेमकं दुखणं असेल तर त्याच दिवशी धावणं थांबवून डॉक्टरांकडे जावं. जांघेचं दुखणं मांडीच्या हाडाच्या मानेतल्या, म्हणजे खुब्याजवळच्या अरुंद भागातल्या तड्याचं असू शकतं. तो सरकला तर शस्त्रक्रिया अटळ होते. खात्री करायला एका पायावर उड्या मारून पाहतात, तेही इथे करू नये.

परतताना सलग काही दिवस ३० मिनिटं झपाझप चालून अजिबात दुखायला नको, दाबूनही नको. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, दिवसाआड. पावलं थोडी लहान आणि जलद ठेवली की नडगीवरचा भार उतरतो. आधी मिनिटं वाढवायची, वेग शेवटी. तोच ठिपका पुन्हा दुखला तर दुखणं जाईपर्यंत विश्रांती आणि मग आधीच्या पायरीपासून सुरुवात. तिला दोनदा मागे यावं लागलं. दुसऱ्या वेळी तिने ते फोन करून स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही.