'गंजणे', 'क्षरण' की 'खपली धरणे'?

शेंद्रा औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, गॅस टर्बाइनच्या पात्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या निकेलच्या सुपरअलॉयचे (प्रखर उष्णतेतही ताकद टिकवणाऱ्या मिश्रधातूचे) तापलेल्या अवस्थेत जे ऑक्सिडेशन होते, त्याला मराठीत 'गंजणे' म्हणावे का.

माझ्या मते म्हणू नये. गंज म्हणा किंवा आपल्या मराठवाड्यात ऐकू येणारा, फारसीतून आलेला 'जंग' म्हणा, दोन्ही शब्दांत लोखंड आणि ओल गृहीत धरलेली असते. पात्यावर हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जे घडते, त्याला ओलीची गरजच नसते. शालेय पुस्तकांतला 'क्षरण' हा शब्दही येथे थोडा अडतो, कारण क्षरण म्हणजे झिजणे, आणि हा धातू तर हवेतला ऑक्सिजन घेऊन आरंभी वजनाने वाढतो. प्रक्रियेला 'ऑक्सिडीकरण' हा रूढ शब्द पुरेसा आहे. ती आपोआप होणारी असल्यामुळे 'बाष्पीभवना'च्या धर्तीवर 'ऑक्सिडीभवन' अधिक नेमका ठरेल, पण तेवढ्यासाठी रूढी मोडावी असे मला वाटत नाही.

खरा प्रश्न पात्यावर जमणाऱ्या ऑक्साइडच्या थराच्या नावाचा आहे. लोहार लालबुंद फाळावर घण घालतो तेव्हा ऐरणीभोवती काळ्या खपल्या पडतात. तोच शब्द येथे चपखल बसतो. सुपरअलॉयमधील क्रोमियम किंवा ॲल्युमिनियम पृष्ठभागावर येऊन ऑक्साइडची दाट खपली धरते आणि पुढचे ऑक्सिडीकरण मंदावते, इतके की थराची जाडी दुप्पट व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. सुमारे हजार अंशांपुढे क्रोमियमचा ऑक्साइड वायुरूपाने उडू लागतो, म्हणून तेथे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर भिस्त असते. यंत्र थंड होताना धातू खपलीपेक्षा अधिक आकसतो, खपली निघते, नवी धरते आणि दर वेळी आतले ॲल्युमिनियम खर्ची पडते. ते फार घटले की निकेलचाच ऑक्साइड बनू लागतो. मिश्रधातूत यिट्रियम हा धातू अत्यल्प प्रमाणात घातल्यास खपली घट्ट चिकटून राहते, 'खपली' जातीच्या गव्हाचे फोल दाण्याला चिकटून राहते तशी. (जखमेच्या खपलीची उपमा मात्र येथे उलटी पडते, कारण ती निघाली की जखम भरली असे आपण समजतो.)

त्यामुळे 'पाते गंजले' एवढेच न लिहिता अहवालात 'खपली धरली' आणि 'खपली निघाली' अशा दोन निरनिराळ्या नोंदी कराव्यात.