शनिवार पेठेत जुनं घर घेतलंय, खालच्या भिंतींना ओल आहे. सिमेंटचा गिलावा करून घेऊ का?

नका करू, भिंत विटा-चुन्याची असेल तर गिलावाही चुन्याचाच करा, आणि त्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. पेठांमधल्या वाड्यांची डागडुजी मी बरीच वर्षं करतोय. चुन्यातून ओल बाहेर पडून वाळते, सिमेंट ती आत कोंडतं. मग ओल भिंतीत आणखी वर चढते, क्षार विटेत साठतात, आणि काही पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा विटेचा भुगा घेऊनच सुटतो. ऑइल पेंट आणि वॉटरप्रूफ रंगांचंही तेच.

कोपऱ्यात दोन विटांमधला सांधा किल्लीने खरवडून बघा. पांढरी, मऊ भुकटी पडली तर चुना. करडा आणि किल्लीला दाद न देणारा असेल तर सिमेंट. मग बघायच्या जागा:

- पन्हळ आणि पावसाच्या पाण्याचा पाइप
- मोरी, संडास आणि भिंतीत गाडलेले जुने लोखंडी नळ
- बाहेरची फरशी किंवा रस्ता आतल्या जमिनीपेक्षा उंच झालाय का (पेठांत हे फार दिसतं)

पाणी थांबलं की जुना गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. काम पावसाळा संपल्यावरच काढा. घाई करणाऱ्या गवंड्याचं ऐकू नका.

मात्र भिंतीत लाकडी खांब असतील आणि त्यांचे बुंधे टोचल्यावर भुसभुशीत लागले, तर गिलाव्याला हातच लावू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.