‘सो व्हॉट’मध्ये सम कुठे आहे?

प्रश्न : ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझची तबकडी बऱ्याच वेळा ऐकली. सुरुवातीची धून कळते, पण एकेकाचं वादन सुरू झालं की पुढे सगळं मोकाट वाटतं. यात बांधणी असते का? (सांगली)

असते, आणि चांगलीच कडक असते. त्या तबकडीवरच्या ‘सो व्हॉट’चं एक आवर्तन 32 बारचं. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण 128. जॅझवाले या आवर्तनाला कोरस म्हणतात. धून संपली तरी आवर्तन थांबत नाही. वादक बदलतो, खालचा हिशेब तोच राहतो.

या 32 बारचे आठ-आठचे चार भाग पडतात. हार्मोनियम जवळ घ्या. पहिले दोन भाग पांढरी दोनचा षड्ज धरून काफी थाटात आहेत. तिसऱ्या भागात सगळा थाट जसाच्या तसा अर्धा सूर वर, काळी दोनवर जातो. चौथा भाग पुन्हा पांढरी दोनवर.

मोजायला दोन्ही हातांचे अंगठे सोडून आठ बोटं घ्या. एका बारला एक बोट. दोन्ही हात संपले की एक भाग झाला, चार वेळा झाले की आवर्तन. चुकतं ते नेमकं एका जागी. एका आवर्तनाचा शेवटचा भाग आणि पुढच्याचे पहिले दोन, असे सलग 24 बार एकाच षड्जावर येतात आणि नवीन ऐकणारा तिथेच हरवतो. हरवलात तर मोजणी सोडून द्या आणि सूर वर सरकण्याची वाट बघा. तो सरकला की एकपासून सुरू करा. तिथून 16 बारांनी नवीन आवर्तनाची सम.

सुरुवातीचा पियानो-बासचा आलापासारखा तुकडा मोजणीत धरू नका. मग बास धून वाजवतो आणि पियानो दोन स्वरपुंजांचं उत्तर देतो. दुसऱ्या भागापासून त्या उत्तरात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनही येतात. साधारण दीड मिनिटाला ड्रमवादक जिमी कॉबची झांज जोरात वाजते, तीच माइल्सच्या वादनाची सम. माइल्स दोन आवर्तनं वाजवतो, मग सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन दोन आणि दुसरा सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडरली दोन. स्टीरिओत कोल्ट्रेन डावीकडे आणि ॲडरली उजवीकडे ऐकू येतो. तुमच्याकडे उलट येत असेल तर स्पीकरच्या वायरी तपासा.

हे जमलं की त्याच तबकडीवरची ‘फ्रेडी फ्रीलोडर’ घ्या. ते 12 बारचं ब्लूज आहे (जॅझमधला एक ठरावीक साचा), म्हणजे 48 मात्रा. पाचव्या बारला आधार मध्यमावर जातो, नवव्याला पंचमावर. आवर्तन छोटं असल्यामुळे चुकलात तरी लगेच सापडतं. एवढ्या एका रचनेत पियानोवर बाकी रचनांतला बिल एव्हान्स नाही, विन्टन केली आहे.

प्रश्न : माझ्या जुन्या एलपीवरची ‘सो व्हॉट’ हार्मोनियमच्या पांढरी दोनशी जुळत नाही, थोडी चढी लागते. टर्नटेबलचा वेग बिघडलाय का? (पुणे)

आधी तबकडी उलटवून ‘ऑल ब्लूज’ लावा. ती सुरात लागली तर टर्नटेबल निर्दोष आहे. पहिली बाजू 2 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. ज्या यंत्राच्या टेपवरून तबकडी काढली, ते त्या दिवशी किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. दुसरी बाजू 22 एप्रिलची, तिच्यात हा दोष नाही. 1992च्या आवृत्तीपासून दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून हे दुरुस्त केलं गेलं. सूर लावून सोबत वाजवायचं असेल तर त्यानंतरची आवृत्ती घ्या.

प्रश्न : नवशिक्याने सगळ्यात आधी कोणाकडे लक्ष द्यावं? मी मोबाइलवरच ऐकते. (नाशिक)

बासवादकाकडे. ‘काइंड ऑफ ब्लू’वर तो पॉल चेंबर्स आहे, आणि आमच्या मते जॅझमध्ये याहून चांगला वाटाड्या नाही. ट्रम्पेट कुठेही भटको, चेंबर्स बहुतेक वेळ मात्रेला एक स्वर देत चालत असतो आणि भाग बदलला की त्याचाच षड्ज आधी सांगतो. पण मोबाइलच्या स्पीकरवर तो जवळजवळ ऐकूच येत नाही. डबल बासची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची आहे, एवढे खालचे सूर त्या इवल्याशा स्पीकरला काढता येत नाहीत. साधा वायरचा हेडफोनही चालेल, फक्त कानात नीट बसायला हवा. सैल राहिला की पहिला बास जातो.

चेंबर्सची चाल ओळखीची झाली की बिल एव्हान्सच्या त्रयीकडे वळा. 25 जून 1961ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये झालेलं ध्वनिमुद्रण ऐका. तिथे स्कॉट लाफारोचा बास साथ सोडून पियानोशी सरळ संवाद करतो. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत लाफारो मोटार अपघातात गेला. तेव्हा तो 25 वर्षांचा होता.

प्रश्न : तबला शिकतो. ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं आहे, पण त्यावर झपताल बसत नाही. (बेळगाव)

झपतालाचे विभाग 2-3-2-3 आहेत, ‘टेक फाइव्ह’ 3-2ने चालतं. त्यातल्या डेव्ह ब्रूबेकच्या पियानोत वजन पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पडतं. झपताल तिसऱ्या मात्रेपासून धरा, म्हणजे 3-2-3-2 होऊन बरोबर बसेल. जो मोरेलोच्या ड्रमवादनात मोजणी सुटली तर पियानो ऐका, तो खाली तेच पाच धरून असतो. रचना सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडची, 1959ची. त्याआधीच्या वर्षी ब्रूबेक मुंबईत आला होता आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवून गेला होता.

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात एलपी आणि 78च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत. पावसाळ्यात बुरशी आली आहे. कशा पुसाव्यात? (रत्नागिरी)

आधी दोन ढीग करा, कारण उपाय वेगळे आहेत. एलपी व्हिनाइलच्या असतात. त्यांना तीन भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. 78च्या बहुतेक तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि द्रव साबणाचा एखादा थेंब, तेही भराभर पुसून लगेच कोरडं करायचं. नळाचं पाणी कोणालाच नको, त्यातले क्षार खाचांत बसतात आणि करकर वाढते.

बुरशी कोरडी झटकू नका, ती खोलीभर पसरते. मायक्रोफायबरचं कापड ओलं करून खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा. बुरशी लागलेली आतली कागदी पाकिटं फेकून नवी घाला, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच. तबकड्या उभ्या ठेवा.

78ची तबकडी एलपीच्या सुईने वाजवू नका. एलपीच्या सुईचं टोक साधारण 0.018 मिलिमीटर त्रिज्येचं असतं, 78ला 0.076च्या आसपास लागतं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, जिथे घाण साचलेली असते, तिथे घासत जाते. खरखर ऐकू येते आणि सुईही लवकर झिजते.