बिचवा काचेच्या पेटीत, पण तिथवर नेणार कसा?

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक लिहितात: "माझ्या संग्रहात पन्नासेक पाती आहेत. बरेचसे अडकित्ते, शिवाय दोन कुकरी, तीन कट्यारी, एक बिचवा, दोन रामपुरी आणि आजोबांचा हस्तिदंती मुठीचा खंजीर. शिवजयंतीला मंडळ तीन दिवसांचं शस्त्रप्रदर्शन भरवणार आहे. ओळखीचे हवालदार म्हणाले, या भानगडीत पडू नका. एका गृहस्थांना एक कट्यार विकतही हवी आहे. काय करू?"

सर, प्रदर्शन करा. पण हवालदारांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडू नका. कोयत्यांच्या बातम्यांनी सगळं वातावरण तापलेलं असताना पात्यांनी भरलेली ट्रंक एसटीत सापडली, तर तुमचा इतिहासप्रेमाचा खुलासा ठाण्यात बसूनच द्यावा लागेल.

आधी अडकित्ते बाजूला काढा. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली 'शस्त्रा'ची व्याख्या केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळते. कट्यार-बिचव्याला ही सवलत नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला, सुरी अशी यादी आहे आणि पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असं मापही आहे. कुकरीचं नाव तर यादीत चक्क लिहिलेलं आहे. हे माप फक्त सुरीला लावायचं की खंजिरालाही, यावर आम्ही वकील कोर्टात तासभर भांडू. तुम्ही त्या भरवशावर राहू नका.

मात्र अशा पात्यांसाठी परवान्याची सक्ती करणारं शस्त्र अधिनियमाचं कलम ४ सगळीकडे आपोआप लागू होत नाही. त्या क्षेत्रापुरती केंद्र सरकारची अधिसूचना असावी लागते. ती लागू असेल तर नुसतं नेणंच नव्हे, विनापरवाना घरात बाळगणंही गुन्हा ठरतं आणि कलम २५ खाली एक ते तीन वर्षांची कैद होऊ शकते. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्यांचं काम पाहणाऱ्या शाखेत लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. धार बोथट करून घेतली की सुटलो, असं मंडळातलं कुणीतरी सांगेलच. पुन्हा धार लावता येते तोवर ते पातं खेळणं होत नाही, आणि जुनी कट्यार घासून तिची माती होते ती वेगळीच.

माझ्या मते तुमची खरी अडचण हॉलमध्ये नाही, घरापासून हॉलपर्यंतच्या रस्त्यावर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला मनाई आदेश निघतात. त्यात तलवारी, सुऱ्या, काठ्या, सगळंच येतं. तिथे इंच मोजत नाहीत, त्यामुळे रामपुरी लहान आहे हे सांगून भागणार नाही. आदेश मोडल्यास कलम १३५ प्रमाणे सर्वसाधारणपणे किमान चार महिने, जास्तीत जास्त एक वर्ष कैद. त्या तारखांचा आदेश मिळवून वाचा. सूट कुणाला आहे ते त्यातच असतं. मग मंडळाच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्याला अर्ज द्या. प्रत्येक पात्याचा फोटो, लांबी-रुंदी, नेण्या-आणण्याची तारीख, वेळ आणि गाडी क्रमांक लिहा. परवानगी हातात पडल्यावरच ट्रंक हलवा आणि ती कुलूपबंद ठेवा. रामपुरी मी तरी घरीच ठेवेन. शिवजयंतीला त्यांचं काय काम?

रात्री ट्रंक सचिवांच्या घरी राहणार असेल तर तेही अर्जात लिहा. वस्तू हातात नसली तरी तिच्यावर ताबा असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलं आहे. किल्ली कुणाकडे, याला म्हणूनच महत्त्व आहे.

विक्रीचं डोक्यातून काढून टाका. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ मध्ये विकण्याइतकंच विक्रीसाठी मांडणंही येतं. कट्यारीखाली किमतीची चिठ्ठी लागली की तुम्ही संग्राहक उरत नाही. तिला शंभर वर्षं झाली असतील तर १९७२ चा पुरावशेष कायदाही येतो. परदेशातल्या भाच्याला ती भेट म्हणून पाठवायचं मनात असेल, तर तेही नको.

आता आजोबांचा खंजीर. त्यातल्या लोखंडापेक्षा मला मुठीची धास्ती आहे. हस्तिदंत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतो. असा ऐवज बाळगायला मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि वारसाहक्काने आला तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करावी लागते. २००३ साली नियम काढून घोषणा करायची राहिलेल्यांना १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा वडिलांनी अर्ज केला होता का, हे जुन्या कागदांत शोधा. कागद नसेल तर ताबा बेकायदा नाही हे सिद्ध करणं तुमच्याच गळ्यात येतं. प्रमाणपत्र सापडेपर्यंत खंजीर प्रदर्शनात नेऊ नका, विकू नका, कुणाला देऊही नका. न सापडल्यास वनखात्याकडे जाण्याआधी वन्यजीव कायद्याची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला सगळं दाखवा. आणि मंडळाच्या पत्रकात त्याचा फोटो छापायला दिला असेल, तर तो आजच परत मागवा.