लाईट बिल 1,900 चं, पॉलिसी 50,000 ची

चोपड्याच्या एका वाचकाने विचारलंय: वापर सरासरी 180 युनिट, बिल महिन्याला 1,900, एजंट 5 किलोवॅटचं सोलर 2,90,000 मध्ये लावून देतोय, की 3 पुरेल? पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे. ‘कर्जाबरोबर बँकेने वर्षाला 50,000 ची, दहा वर्षांची पॉलिसी दिली, मागच्या आठवड्यात कागद आले. हप्ता बिलाच्या बचतीतून निघेल.’

कसा निघेल? तुमचं वर्षाचं अख्खं बिलच 23,000. ते पुसलं गेलं तरी अर्धा हप्ता भरत नाही, आणि कर्जाचा हप्ता अजून धरलेलाच नाही. सोलरच्या कर्जाला अशी पॉलिसी सक्तीची नसते. ती शाखेचं टार्गेट पूर्ण करायला तुमच्या गळ्यात मारलीय. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती रद्द करता येते. अर्ज थेट विमा कंपनीकडे, लेखी, पोच घेऊन. मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी रक्कम परत येते. शाखेतले साहेब ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतील. पुढच्या महिन्यात मुदत संपलेली असेल, म्हणून तर म्हणतात. कर्ज अडवलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. घरात कमावते तुम्ही एकटे, तेव्हा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा, मात्र घ्याच.

आता सोलर. पीएम सूर्यघर योजनेत सरकारी अनुदान 2 किलोवॅटला 60,000, तिसऱ्याला 18,000, आणि 78,000 वर गाडी थांबते. चौथ्या-पाचव्या किलोवॅटचा सगळा भार तुमच्या खिशावर. एक किलोवॅट महिन्याला साधारण 115 युनिट देतो, म्हणजे 2 मध्ये आजचा वापर भागतो. पाचातलं उरलेलं ‘विकून कमवा’ हे एजंटचं गणित. शिल्लक युनिट 31 मार्चला महावितरण अगदी कमी दराने विकत घेऊन खातं कोरं करते. हिवाळ्यात साठलेलं एप्रिलच्या 44 अंशांत कामाला येतच नाही!

‘बिल शून्य, मग दोन एसी’ असंही लिहिलंय. दीड टनाचा एक एसी रात्री सहा तास चालला की महिन्याला 200 युनिट जातात. एक एसी येणारच असेल तर 3 किलोवॅट घ्या. पाच नको. दुसरा एसी वीज फुकट आहे म्हणून सुचलाय, उकाड्यामुळे नाही.

लाईट गेली की बॅटरीशिवायचं सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशी सोयच असते. भारनियमनावर उपाय म्हणून घेत असाल तर थांबा. कोटेशनवर पॅनेल ‘डीसीआर’, म्हणजे भारतीय सेलचे, असं लिहून घ्या. नाहीतर अनुदान नाही. ते तुमच्याच खात्यात येतं, एजंटने ‘आधीच वजा केलंय’ म्हटलं तर सही करू नका. मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे, ते आधी बदलून घ्या. पॅनेल पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग धरतात, शेवटचा हात नळाच्या पाण्याचा.